पूर्वपक्षाचे ऋण

विद्यापीठीय परिभाषेत ज्याला ‘ऑनर्स’ म्हणतात, त्या शब्दाची आपल्या देशात प्रांतोप्रांती निरनिराळी रूपे झाली आहेत. बिहारमध्ये त्याला ‘प्रतिष्ठा’ म्हणतात, दिल्लीत हिंदीच्या पदवीपुढे कंसात ‘विशेष’ असे लिहिण्याची पद्धत आहे, आणि महाराष्ट्रात कित्येक वर्षे ‘स्पेशल’ हा इंग्रजी शब्दच मराठी होऊन बसला होता. बदलीच्या नोकरीत मुलांची नावे या गावाहून त्या गावी काढणाऱ्या-घालणाऱ्या आपल्यासारख्या पालकांना हा शब्दभेद चांगलाच परिचयाचा आहे. ‘प्रतिष्ठा’ म्हटले की मान विद्यार्थ्याच्या पदरात पडतो. ‘विशेष’ म्हटले की तो विषयाकडे जातो. मूळ शब्दात या दोहोंपलीकडचा आणखी एखादा अर्थ दडला आहे काय, असा विचार अलीकडे मनात वारंवार येतो.

या विचाराला निमित्तही आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने चार वर्षांच्या ऑनर्स पदवीची योजना मांडली आणि तिला टप्पे घातले. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडणाऱ्यास प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका, तिसऱ्यानंतर पदवी आणि चौथे वर्ष पुरे करणाऱ्यास ऑनर्स, अशी ती रचना आहे. दिल्ली विद्यापीठात हा आराखडा २०२२ पासून लागू झाला. तेव्हापासून ज्या घरी जावे, त्या घरी एक प्रश्न कानी पडतो: एका वर्षात मुलगा शिकतो तरी काय? वर्षाअखेर हाती येणाऱ्या कागदाला बाजारात किंमत किती, असे विचारणारा त्या प्रश्नात पुष्कळदा असतो. त्याला उत्तर देणे माझ्या आवाक्याबाहेरचे आहे. परंतु एका वर्षात मनुष्य काय शिकू शकतो, या प्रश्नाकडे मात्र थोडे थांबून पाहावेसे वाटते. कारण मी स्वतः दिल्लीतच तत्त्वज्ञान हा विषय ऑनर्सला घेऊन पदवीधर झालो, आणि त्यातील पहिल्या वर्षाचा हिशेब आज, सरकारी लिपिकाच्या टेबलाशी पंधराएक वर्षे काढल्यावर, थोडा अधिक स्पष्ट दिसू लागला आहे.

त्या वर्षी अभ्यासाला तर्कशास्त्र होते आणि भारतीय दर्शने होती. तर्कशास्त्रासाठी अमेरिकन पंडित अर्व्हिंग कोपी यांचे १९५३ साली प्रथम प्रसिद्ध झालेले पाठ्यपुस्तक आणि दर्शनांसाठी सतीशचंद्र चतर्जी व धीरेंद्रमोहन दत्त या दोघा बंगाली प्राध्यापकांचे १९३९ सालचे पुस्तक, हा आमचा मुख्य आहार. त्यातले बहुतेक सारे आज विसरलो आहे. संविधानांचे प्रकार आठवत नाहीत, सांख्यांच्या पंचवीस तत्त्वांची यादी मध्येच तुटते. विद्येचे हे असेच होते. जे पाठ केले ते गळून जाते आणि ज्याची सवय झाली ते मागे राहते. माझ्यापाशी जी सवय मागे राहिली तिचे नाव पूर्वपक्ष.

आमच्या एका अध्यापकांचा नियम असा होता, की कोणत्याही मताचे खंडन लिहावयाचे असल्यास आधी ते मत एका स्वतंत्र पानावर मांडावे. ते पान वर्गातील अशा विद्यार्थ्याच्या हाती द्यावे, की ज्याला ते मत पटलेले आहे. त्याने वाचून खाली “हेच माझे म्हणणे” असे लिहून सही केली, तरच पुढचे पान लिहावयाचे. सही न मिळाल्यास खंडन तपासले जात नसे, मग ते कितीही बिनतोड असो. वरवर पाहता ही वर्गातील एक गंमत होती. परंतु त्या सहीसाठी किती धावपळ करावी लागे! चार्वाकाचे म्हणणे मांडताना “खा, प्या, मजा करा” एवढ्या तीन शब्दांत त्याला गुंडाळून मोकळे होण्याची सोय राहिली नाही. चार्वाकाची बाजू घेणारा विद्यार्थी शेजारच्याच बाकावर बसलेला असे, आणि तो सहजासहजी सही करणारा नव्हता.

ही पद्धत त्या अध्यापकांनी शोधून काढलेली नव्हती. आपल्या शास्त्रग्रंथांची ती मूळची रीत आहे. पूर्वपक्ष आधी, उत्तरपक्ष नंतर आणि शेवटी सिद्धान्त, हा क्रम मीमांसकांपासून वेदान्त्यांपर्यंत सर्वांनी पाळला. गौतमाच्या न्यायसूत्रांत तर चर्चेचे तीन प्रकारच वेगळे काढून दाखविले आहेत. सत्य कळावे म्हणून प्रमाणांच्या व तर्काच्या आधारे दोन्ही पक्ष तपासणे, हा वाद. जिंकण्यासाठी बोलणे आणि त्याकरिता शब्दच्छलासारख्या युक्त्या वापरणे, हा जल्प. स्वतःचा पक्षच न मांडता केवळ दुसऱ्याचा पाडणे, ही वितंडा. आपण बोलताना वाद आणि वितंडवाद एकाच पारड्यात टाकतो. गौतमाने त्यांना जपून दूर ठेवले होते. चरकसंहितेच्या विमानस्थानातही वैद्यांच्या चर्चेचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक सख्यभावाने केलेली चर्चा आणि दुसरी कलहभावाने केलेली. रोग्याचे प्राण पणाला लागले असता दोन वैद्यांनी कसे बोलावे, याचा विचार ज्यांना करावा लागला, त्यांनी हा भेद केवळ पांडित्याच्या हौसेने केला नसावा.

छलाचे उदाहरण म्हणून भाष्यकार वात्स्यायनांनी दिलेला दाखला मोठा मार्मिक आहे. संस्कृतात ‘नव’ या शब्दाचे नवीन आणि नऊ असे दोन्ही अर्थ होतात. एक जण म्हणतो, या मुलापाशी नव कंबल आहे. दुसरा लगेच म्हणतो, नऊ कुठे आहेत, एकच तर दिसते! बोलणाऱ्याला ‘नवे’ म्हणावयाचे होते हे ऐकणाऱ्यालाही ठाऊक आहे. तरीही त्याने मुद्दाम दुसरा अर्थ धरला, कारण त्या अर्थाचे खंडन सोपे होते. वर्तमानपत्रातील वादविवाद, सभागृहातील भाषणे आणि कुटुंबातील भांडणे यांचा मोठा भाग या एका कंबलाखाली सहज झाकला जाईल.

पूर्वपक्ष प्रामाणिकपणे मांडल्याने काय घडते, याचे सर्वात मोठे उदाहरण पुन्हा चार्वाकाचेच आहे. चार्वाकांचा मूळ सूत्रग्रंथ आज उपलब्ध नाही. त्यांच्याविषयी आपणास जे काही ठाऊक आहे, ते बहुतांशी त्यांच्या विरोधकांच्या ग्रंथांतून. चौदाव्या शतकातील, माधवाचार्यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’चे पहिले प्रकरण चार्वाकाचे आहे. ग्रंथकार वेदान्ती, चार्वाक त्याला दर्शनांच्या शिडीची सर्वात खालची पायरी वाटतो, आणि सुखवादाचे वर्णन करताना त्याच्या लेखणीतून उपहासही सुटतो. परंतु अनुमानावरील चार्वाकाचा आक्षेप मांडताना मात्र हा विरोधक हात आखडता घेत नाही. धूर आहे म्हणून अग्नी आहे, असे आपण म्हणतो. पण जेथे जेथे धूर तेथे तेथे अग्नी, हा नियम आपणास कळला कोठून? प्रत्यक्षाने म्हणावे, तर गेलेल्या आणि येणाऱ्या काळातील धूर कोणी पाहिला? अनुमानाने म्हणावे, तर त्या अनुमानालाही दुसरा नियम हवा, त्याला तिसरा, आणि ही साखळी कोठेच संपत नाही. कोणाच्या सांगण्यावरून म्हणावे, तर त्या सांगण्यावरील विश्वासही पुन्हा अनुमानावरच उभा. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७३९ पासून प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात कार्यकारणभावावर जी शंका घेतली, तिच्या शेजारी हा आक्षेप ठेवला तर कोणालाही तो कमी वजनाचा वाटणार नाही.

हा आक्षेप आपल्यापर्यंत पोहोचला, कारण ज्याला तो खोडावयाचा होता त्याने तो नीट उतरवून ठेवला. या ग्रंथाची संस्कृत टीकेसह संपादित आवृत्ती वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी पुण्याच्या भांडारकर संस्थेतून १९२४ साली काढली. म्हणजे एका वेदान्त्याने राखलेले नास्तिकाचे म्हणणे, सहा शतकांनी दुसऱ्या एका सनातन शास्त्रीबुवांनी पदच्छेद करून समजावून दिले. तिकडे पाटणच्या जैन भांडारात जयराशिभट्टाच्या ‘तत्त्वोपप्लवसिंह’ या ग्रंथाची ताडपत्रावरील पोथी सापडली. सर्व प्रमाणांवर संशय घेणारा हा ग्रंथ सांभाळला तो जैनांनी, आणि १९४० साली तो छापला गेला तो वडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेत. विरोधकाच्या घरी विरोधकाची ठेव सुरक्षित राहते, हे आपल्या परंपरेने असे पुन्हा पुन्हा दाखवून दिले आहे. परंतु दुसरी बाजूही विसरता येत नाही. चार्वाकाचे जे म्हणणे कोणत्याही विरोधकाने लिहून ठेवले नाही, ते कायमचे गेले. ज्याच्यापाशी पोथी सांभाळणारे शिष्य नाहीत, मठ नाही, राजाश्रय नाही, त्याचे अस्तित्व सर्वस्वी त्याच्याविषयी लिहिणाऱ्या परक्याच्या सचोटीवर अवलंबून असते.

येथे पूर्वपक्ष हा तर्काचा विषय राहत नाही. तो नीतीचा विषय होतो. तर्काच्या दृष्टीने त्याचे समर्थन सोपे आहे. जॉन स्टुअर्ट मिल याने १८५९ साली स्वातंत्र्यावरील आपल्या निबंधात ते केले आहे. ज्याला केवळ आपलीच बाजू ठाऊक आहे, त्याला तीही पुरती ठाऊक नसते. आणि दुसरी बाजू आपल्या गुरुजींच्या तोंडून ऐकून भागत नाही, ती मनापासून मानणाऱ्याच्या तोंडूनच ऐकली पाहिजे, असा त्याचा आशय आहे. हे खरे आहे. पण हा सल्ला मूलतः स्वतःच्या लाभाचा आहे. दुसऱ्याचे ऐक, म्हणजे तुझे मत पक्के होईल. मला वाटते, याहून खोल असा एक हिशेब आहे. मी दुसऱ्याचे मत मांडतो, तेव्हा तो बहुधा समोर नसतो. वाचणाऱ्यापुढे त्याच्या वतीने मीच उभा असतो. न मागता मला त्याचे वकीलपत्र मिळालेले असते, आणि त्याच वेळी मी त्याचा प्रतिवादीही असतो. अशा स्थितीत त्याच्या शब्दांना मी काय करतो, याला साक्षीदार फक्त मीच.

कुमारिलभट्टांची आख्यायिका या दृष्टीने मला नेहमी अस्वस्थ करते. बौद्धमताचे खंडन करावयाचे तर ते मत त्यांच्याच मुखातून समजून घेतले पाहिजे, म्हणून कुमारिल वेष पालटून बौद्धांच्या विहारात विद्यार्थी होऊन राहिले. पुढे त्यांनी त्या मताचे खंडन केले. पण ज्यांच्या पायाशी बसून विद्या घेतली त्या गुरूंच्याच मताचा आपण उच्छेद केला, या गुरुद्रोहाचे प्रायश्चित्त म्हणून अखेर त्यांनी प्रयागला तुषाग्नीत, म्हणजे भुशाच्या मंद धुमसत्या आगीत, देह ठेवला, असे ‘शंकरदिग्विजया’त वर्णन आहे. ही कथा इतिहास म्हणून किती टिकेल, हा प्रश्न येथे नाही. ज्या समाजाने ती रचली आणि जपली, त्याला काय म्हणावयाचे होते, हा प्रश्न आहे. जिंकलेल्या मनुष्याने पराभूतासाठी प्रायश्चित्त घ्यावे, हे जगातील विजयकथांत क्वचित आढळते. ज्याचे मत आपण खरोखर समजून घेतले, त्याचे आपण काही लागतो, हे त्या कथाकाराला उमगले होते. वेष पालटून का होईना, त्या घरचे अन्न खाल्ले होते.

आता या म्हणण्याचाही पूर्वपक्ष मांडला पाहिजे; नाहीतर येथवर लिहिले ते सारे वाया जाईल. पहिला आक्षेप वेळेचा. आयुष्य थोडे आहे, मते अनंत आहेत. प्रत्येक मताला त्याच्या अनुयायाची सही मिळवून देत बसलो, तर आपले म्हणणे मांडणार केव्हा? दुसरा आक्षेप शीलाचा. दोन्ही बाजू सारख्याच समर्थपणे मांडणारा मनुष्य हळूहळू कोणत्याच बाजूचा राहत नाही. त्याला प्रत्येक गोष्टीचे समर्थन येते आणि कशाचाही संताप येत नाही. तिसरा आक्षेप सर्वात कठीण आहे. काही मते केवळ चुकीची नसतात, ती माणसांना चिरडून गेलेली असतात. अशा मताची बाजू त्याच्या समर्थकाला पटेल इतक्या चांगल्या शब्दांत मांडणे म्हणजे त्याला हातभारच लावणे नव्हे काय? जो त्याखाली चिरडला गेला, त्याच्याकडे हे मागणे तर क्रूरपणाचे आहे.

पहिल्या आक्षेपाला उत्तर असे, की सर्व मतांचा पूर्वपक्ष मांडण्याचे बंधन कोणावरच नाही. ज्याचे खंडन मी करू इच्छितो, त्याच्यापुरतेच ते आहे. ज्याच्याविषयी बोलावयाचे नाही, त्याच्याविषयी मौन हा प्रामाणिक मार्ग आहेच. दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे, आणि ते प्राचीनांनाही दिसले होते. म्हणूनच वितंडा त्यांनी वेगळी काढली आणि पूर्वपक्षाला ‘पूर्व’ म्हटले. तो आधीचा आहे, अखेरचा नाही. सिद्धान्तापर्यंत न जाता पूर्वपक्षाच्याच ओसरीवर रमणारा मनुष्य विद्वान दिसतो खरा, पण त्याने प्रवास अर्ध्यावर सोडलेला असतो.

तिसऱ्या आक्षेपाला तर्काने उत्तर देण्याचे धाडस मला होत नाही. मी फक्त एका पुस्तकाकडे बोट दाखवू शकतो. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने आपल्या परिषदेच्या अध्यक्षपदासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना बोलाविले. परंतु छापून आलेले भाषण वाचल्यावर त्यातील काही भागाला मंडळाने हरकत घेतली, आणि अखेर परिषदच रद्द झाली. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतः प्रसिद्ध केले. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या नावाने आज ते जगाला ठाऊक आहे. महात्मा गांधींनी त्यावर ‘हरिजन’मध्ये टीका केली. १९३७ साली दुसरी आवृत्ती निघाली, तेव्हा बाबासाहेबांनी गांधीजींचे ते लेख आपल्याच पुस्तकात छापले आणि त्यापुढे आपले उत्तर दिले. मंडळाशी झालेला पत्रव्यवहारही त्यात आहे. सारांश नाही, निवडक उतारे नाहीत. विरोधकाचे म्हणणे विरोधकाच्याच शब्दांत. ज्या प्रश्नावर एक अख्खा समाज शतकानुशतके मुका ठेवला गेला होता, ज्याचा पूर्वपक्ष कोणी कधी नीट मांडलाच नव्हता, त्या समाजाचा नेता समोरच्याला त्याचे पुरते शब्द परत करतो, आणि मग जे उत्तर देतो त्यात तसूभरही मवाळपणा नसतो. हे त्यांच्याकडून मागण्याचा अधिकार कोणालाच नव्हता. त्यांनी ते मागण्याविना केले. तिसऱ्या आक्षेपाचे मी इतकेच म्हणेन, की पीडितावर हे बंधन लादता येत नाही. परंतु आपल्यापैकी जे पीडित नाहीत, सुखवस्तू आहेत, त्यांना त्यातून पळवाटही काढता येत नाही.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी माणसाला तर याची परीक्षा पुस्तकाबाहेरच द्यावी लागते. कलकत्त्याला बदली होऊन गेलेल्या माणसाला केव्हातरी शेजारणीच्या तोंडून ‘बर्गी’ हा शब्द ऐकू येतो. बाळ झोपावे म्हणून बंगाली आया ज्यांचे भय घालीत आल्या, ते बर्गी म्हणजे आपले बारगीर, नागपूरकर रघूजी भोसल्यांचे घोडेस्वार. १७४२ पासून १७५१ च्या तहापर्यंत त्यांच्या स्वाऱ्या बंगालवर होत राहिल्या. त्यांच्या धास्तीने कलकत्त्याच्या रहिवाशांनी १७४२ साली शहराभोवती खंदक खणावयास घेतला. बागबाजारात त्या खंदकाचे नाव सांगणारी गल्ली आहे. आपण शाळेत या मोहिमा चौथाईच्या हक्काच्या आणि भास्करपंत कोल्हटकरांच्या पराक्रमाच्या म्हणून शिकलो. १७४४ साली अलीवर्दीखानाने भास्करपंतांना भेटीस बोलावून दग्याने मारले, हेही शिकलो, आणि ते खरेच आहे. पण भात कापून घरात आणून ठेवलेल्या वर्धमानच्या शेतकऱ्याने त्या वर्षी काय पाहिले, ते आपल्या पाठ्यपुस्तकात नव्हते. गंगाराम नावाच्या बंगाली कवीने त्याच काळात ते लिहून ठेवले आणि आपल्या काव्याला नाव दिले ‘महाराष्ट्र पुराण’! बंगालचे म्हणणे अशा शब्दांत मांडावे, की शेजारच्या बंगाली गृहस्थाने खाली सही करावी. आणि मग, भास्करपंतांची गोष्टही त्याला सांगावी. माझ्या समजुतीप्रमाणे परप्रांतात राहण्याचे जर काही शिक्षण असेल, तर ते हेच आहे. बदलीच्या भत्त्यात त्याची नोंद होत नाही.

परंतु पूर्वपक्षाची सर्वात मोठी जोखीम मला दिसते ती सरकारी टेबलावर. फाइलीवरील टिपणी म्हणजे तरी काय? ती आधी हिरव्या कागदावर लिहीत, आता संगणकाच्या पडद्यावर लिहितात. पण तिचा क्रम तोच आहे. आलेल्या कागदाचा सारांश, नियम, पूर्वीचे दाखले, विचारार्थ मुद्दे आणि शेवटी सूचना. यातील पहिला भाग, अर्जदाराच्या म्हणण्याचा सारांश, हा त्याचा पूर्वपक्ष. वरच्या अधिकाऱ्यापुढे दिवसाला शेकडो कागद जातात. मूळ अर्ज पानाला जोडलेला असतो, पण वाचला जातो तो सारांश. अर्जदार अलाहाबादला किंवा अकोल्याला बसलेला आहे. त्या खोलीत त्याच्या वतीने बोलणारी फक्त लिपिकाची चार वाक्ये आहेत.

समजा, नोकरीत असताना नवरा वारलेल्या एका बाईचा अनुकंपा नियुक्तीसाठी मुलाच्या नावे अर्ज आला आहे. मृत्यूला बरीच वर्षे झाली. “अर्ज विलंबाने केलेला, जागा उपलब्ध नाही, नामंजूर करावा,” अशी टिपणी लिहिता येते, आणि तिच्यातील एकही शब्द खोटा नसतो. पण अर्जात त्या बाईने लिहिले आहे, की तेव्हा मुलगा सात वर्षांचा होता, आपण शिकलेली नाही, आणि या मधल्या वर्षांत निवृत्तिवेतनातून सासूचे आजारपण निभावले. ही तीन वाक्ये टिपणीत घातली तरी निर्णय कदाचित तोच होईल. थेट भरतीच्या जागांपैकी पाचच टक्के या कामासाठी असतात आणि रांगेत तिच्याहून अधिक गांजलेले लोक असू शकतात. पूर्वपक्ष मांडणे म्हणजे मंजुरी देणे नव्हे. पण पहिल्या टिपणीत नकार एका ‘विलंबा’ला दिला जातो, दुसरीत तो एका बाईला दिला जातो. नकार देणाऱ्याला आपण कोणाला नकार देत आहोत हे कळले पाहिजे, एवढाच तिचा हक्क आहे. आणि तो हक्क सर्वस्वी ज्याच्या हातात आहे, तो मनुष्य कार्यालयातील सर्वात कनिष्ठ आहे.

कायद्याने हे फार पूर्वी ओळखले आहे. दुसऱ्या बाजूचे ऐकल्यावाचून निर्णय देऊ नये, हे नैसर्गिक न्यायाचे तत्त्व. मनेका गांधींचे पारपत्र १९७७ साली त्यांचे म्हणणे न ऐकता जप्त करण्यात आले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९७८ मधील निकालात ते तत्त्व व्यक्तिस्वातंत्र्याच्या मूलभूत हक्काशी जोडून दिले. पण ऐकणे म्हणजे काय, हे कोणतेही न्यायालय शेवटपर्यंत सांगू शकत नाही. अर्जाची पोच दिली, तारीख टाकली, सुनावणी घेतली, एवढे तपासता येते. ऐकणाऱ्याने ‘नव’ कंबल म्हणजे नवे धरले की नऊ, हे तपासण्याचे साधन कायद्यापाशी नाही. ते त्याच्या मनाच्या सवयीवर सोडावे लागते. आणि सवयी लागण्याचे वय विशीच्या अलीकडचे-पलीकडचे असते.

म्हणून एका वर्षात काय शिकतात, या प्रश्नाकडे पाहताना मला प्रमाणपत्राचा विचार दुय्यम वाटतो. एका वर्षात कोणताही विषय येत नाही. तत्त्वज्ञान तर येतच नाही, आणि ते आल्यासारखे वाटू लागले तर सावध व्हावे. पण एका वर्षात एक सवय लागू शकते. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला ती प्रयोगवहीत लागेल, जेव्हा अपेक्षेच्या विरुद्ध आलेला आकडाही खोडरबर न लावता त्याला तसाच नोंदवावा लागतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ती शत्रुपक्षाची बखर वाचताना लागेल. त्या सवयीसाठी कोणता विषय निवडला याला फारसे महत्त्व नाही. महत्त्व आहे ते सही मागणाऱ्या अध्यापकाला, आणि ती सहज न देणाऱ्या शेजारच्या बाकावरील मुलाला. घरबसल्या पडद्यावर पाठ ऐकून परीक्षा देण्याच्या आजच्या सोयीत अनेकांचे कल्याण आहे. नोकरी करून शिकणाऱ्या माझ्यासारख्यांच्या पिढ्यांना तशाच सोयींनी हात दिला. फक्त तो दुसरा मुलगा त्या सोयीत कोठे बसवावयाचा, याचा विचार योजना आखणाऱ्यांनी केला पाहिजे.

आपल्याकडे मनुष्य तीन ऋणे घेऊन जन्मतो असे मानतात, आणि त्यांपैकी ऋषिऋण अध्ययनाने फिटते असे सांगतात. ते ऋषी आपले पूर्वज, आपल्या मताचे, आपल्या गोत्राचे, असे आपण सहज धरून चालतो. परंतु ज्यांच्या आक्षेपांनी आपल्या पूर्वजांना विचार करावयास भाग पाडले, त्यांचेही आपण तितकेच देणे लागतो. अनुमानावर चार्वाकाने बोट ठेवले नसते, तर नैयायिकांना व्याप्तीचा एवढा खोल विचार करावा लागला नसता. बौद्ध नसते तर कुमारिल कुमारिल झाले नसते. ‘ऑनर्स’मधील मान विद्यार्थ्याला मिळावयाचा की विषयाला, असा प्रश्न आरंभी निघाला होता. मला वाटते, तो मान विद्यार्थ्याने द्यावयाचा आहे, आणि तोही ज्याचे म्हणणे त्याला पटत नाही अशा माणसाला. पहिल्या वर्षाअखेर एवढे देणे ज्याला देता येऊ लागले, तो पुढची तीन वर्षे शिको अथवा पोटासाठी नोकरी धरो, त्याच्या हाताखालून जाणाऱ्या कागदांवरील माणसे थोडी अधिक सुरक्षित राहतील.